लाईट गेली अन् फाईल अर्धीच
परवा दुपारी कूलरसमोर बसून माझ्या छोट्या डेटाबेस लायब्ररीचा, म्हणजे डेटा साठवायचा कोड लिहून राहिलो होतो, साधंच, सगळा डेटा एका फाईलीत, सेव्ह केलं की पूर्ण फाईल पुन्हा लिहायची, अन् नेमकी लाईट गेली ना भाऊ, यूपीएस तर कधीचाच मेलेला. नंतर उघडून पाहतो तर शेवटची नोंद "संत्र" एवढीच! चूक माझीच, राइट केलं म्हणजे डिस्कवर गेलं असं नसते, डेटा आधी मेमरीतच पडून राहतो, एफसिंक, म्हणजे 'आत्ताच डिस्कवर टाक' असं सिस्टमला सांगितल्याशिवाय भरवसा नाही. आता आधी वेगळ्या टेम्प (तात्पुरत्या) फाईलीत लिहितो, एफसिंक, मग रिनेम करून जुनीच्या जागी ठेवतो, म्हणजे जुनी फाईल तरी मिळते नाहीतर नवी. रिनेम पक्कं व्हायला फोल्डरलाही एफसिंक लागतो हे मात्र तर्री-पोहे खाऊन आल्यावर सुचलं. थोडं स्लो झालंय, चालते.