केर रोजचा, चिकटा वर्षाचा

घराची साफसफाई दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायची असे ठरले की पहिला प्रश्न निघतो तो पैशांचा. पुण्यासारख्या शहरात आज या कामासाठी निदान तीन वाटा समोर असतात: रोज येणाऱ्या मावशी, वर्षाकाठी यंत्रे आणि बाटल्या घेऊन येणारी डीप क्लीनिंगची मंडळी, आणि मोबाइलवरून तासाभरासाठी बोलावता येणारी मदतनीस. यांतले स्वस्त कोणते हे विचारण्याआधी आपल्या घरातली घाण किती जुनी आहे ते पाहावे, असे माझे मत आहे. रोजचा केर, महिनोन्महिने बसलेला चिकटा आणि माळ्यावर साठलेले सामान ही तीन निरनिराळी प्रकरणे आहेत, आणि एकासाठी नेमलेला माणूस दुसऱ्याला पुरा पडत नाही.

केराला वार नसतो. रस्त्याकडेला घर असेल आणि शेजारी एखादी जुनी इमारत पाडून नवी बांधली जात असेल, तर सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. अशा घरात महिन्यातून एकदा येणाऱ्या महागड्या सेवेचा काहीही उपयोग नाही; तिथे रोज कोणीतरी केरसुणी फिरवलीच पाहिजे. हे ज्याने त्याने स्वतः केले तर उत्तमच, पण ज्या घरात सगळे साडेआठला बाहेर पडतात तिथे ते चार दिवस चालते आणि पाचव्या दिवशी मागे पडते. म्हणून मावशी. केर-फरशी, भांडी आणि धुणे अशी प्रत्येक गोष्ट त्यांच्या हिशेबात एकेक काम असते. कामे धरली जातात, सोडली जातात, आणि त्यांचा दर घरातली माणसे, खोल्या आणि वस्ती पाहून ठरतो.

खरा घोळ दरापेक्षा कामाच्या हद्दीत असतो. केर-फरशी धरली म्हणजे नेमके काय धरले? फरशीच्या कडेने भिंतीवर चार बोटे चढलेली टाइल्सची पट्टी फरशीत मोडते की भिंतीत? पंखे, जळमटे, बाल्कनीचे कठडे, खिडक्यांच्या सरकत्या काचांखालची ती खाच, जिच्यात कबुतराच्या पिसापासून वाळलेल्या मुंग्यांपर्यंत सगळे सापडते, हे कोणाचे? घरमालकिणीला वाटते की एवढे तर त्यात आलेच. मावशींना वाटते की ते वेगळे काम आहे, आणि माझ्या मते मावशींचे बरोबर असते. त्यांना याच इमारतीत आणखी चार घरे करायची असतात आणि प्रत्येक घरातला वेळ मोजलेला असतो. तेव्हा पहिल्याच दिवशी घरभर एकत्र फिरून काय होईल आणि काय होणार नाही हे बोलून घ्यावे. संकोचाने ते टाळले की पुढे महिनाभर धुसफूस चालते आणि ती नेमकी भांड्यांच्या आवाजातून ऐकू येते.

चिकट्याची गोष्ट निराळी आहे. फोडणीचे तेल वाफेबरोबर उडते, चिमणीच्या जाळीवर, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर आणि ओट्यावरच्या कपाटांच्या माथ्यावर बसते, त्यात धूळ मिसळते आणि वर्षभरात त्याची अशी पिवळट साय होते की ओल्या फडक्याला ती दाद देत नाही. इथे रोजच्या मावशींकडून अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. यासाठी शिडी लागते, ब्रश लागतात, तेल कापणारे द्रावण लागते आणि मुख्य म्हणजे सलग चार-पाच तास लागतात. डीप क्लीनिंगवाल्यांना बोलवावे ते यासाठी. आमच्याकडे अनेक घरांत घटस्थापनेपूर्वी अंथरुणे-पांघरुणांसकट सगळे घर धुऊन काढण्याची रीत आहे आणि त्यापाठोपाठ दिवाळी येते. त्यामुळे पितृपक्ष लागला की या मंडळींच्या तारखा मिळेनाशा होतात. ज्याला घाई नसेल त्याने थेट दिवाळीनंतर त्यांना बोलवावे, म्हणजे काम सावकाशीने होते.

मात्र या सेवेची पारख दरपत्रकावरून न करता बाटल्यांवरून करावी. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे क्षार बाथरूमच्या टाइल्सवर आणि नळांवर बसतात, ते ॲसिडने चुटकीसरशी निघतात. म्हणून घाईत असलेला माणूस सगळीकडे तीच बाटली चालवतो. शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड आहेत आणि संगमरवरही त्याच कुळातला आहे. ॲसिडने जसा क्षार विरघळतो तसाच हा दगडही विरघळतो. जुन्या घरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर त्याचे दोन थेंब सांडले तर जागच्या जागी फेस येतो, आणि पुसल्यावर तिथे राखेच्या रंगाचा निस्तेज डाग उरतो, जो कितीही घासला तरी जात नाही, कारण तो मळ नसून दगडाची गेलेली झिलई असते. ग्रॅनाइट त्या मानाने टिकाऊ. चिमणीचेही तसेच: तिची जाळी स्टीलची असेल तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून लख्ख होते, पण ॲल्युमिनियमची असेल तर तोच सोडा जाळीच खाऊन टाकतो. आणि ॲसिड व ब्लीच एकाच बंद बाथरूममध्ये एकापाठोपाठ ओतणारा माणूस दिसला तर त्याला तिथल्या तिथे थांबवावे, कारण त्या दोहोंतून क्लोरीन वायू सुटतो. आलेल्या माणसाने आधी ‘ओटा कसला आहे?’ असे विचारले, तर तो कामाचा जाणकार समजावा.

तासावर मिळणारी मदत ही यांतली सर्वांत नवी. २०२५ च्या मार्चमध्ये एका मोठ्या कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला माणूस पाठवण्याची सेवा सुरू केली आणि आरंभीची सवलत म्हणून तासाला ४९ रुपये दर लावला, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. मावशी गावी गेल्या आहेत, सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर आहे आणि रात्री पाहुणे येणार आहेत, अशा वेळी ही सोय देवासारखी वाटते. पण रोज नवा माणूस आला की रोज नव्याने सांगावे लागते: देवघराचे फडके वेगळे, तांब्याच्या भांड्यांना तारेची घासणी लावायची नाही, आजी झोपल्या आहेत तेव्हा ती खोली शेवटी. सांगण्यात जाणारा वेळ कुठल्याच बिलात दिसत नाही. (जमिनीवर आपोआप फिरणारे यंत्र हाही एक पर्याय आहे, ते उंबरठ्याशी अडते आणि रांगोळी गिळते, एवढेच त्याच्याबद्दल सांगतो.)

रोजच्या मावशींवरचा मोठा आक्षेप म्हणजे खाडे. तो मला फारसा पटत नाही. ज्या नोकरदाराला रविवार, सणवार आणि आजारपणाची रजा हक्काने मिळते, त्याने मावशींचे खाडे कॅलेंडरवर लाल शाईने मांडत बसावे हे विचित्रच आहे. याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि पगारी सुट्टीची मागणी तेव्हापासून चालत आलेली आहे. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही झाला. त्याने नोंदणीची आणि कल्याणाच्या योजनांची सोय केली, पण पगार आणि सुट्ट्या अजूनही स्वयंपाकघराच्या दारात उभ्याउभ्याच ठरतात. त्या तिथे नीट ठरवाव्यात: महिन्याच्या सुट्ट्या किती, दिवाळीला एक पगार जास्त, पाहुणे आठवडाभर राहिले तर भांड्यांचे वेगळे किती. गावी जाताना बदली बाई कोण द्यायची हेही तेव्हाच बोलून ठेवावे.

या सगळ्यात आपण सेवा निवडतो असे समजत असतो, पण चांगल्या मावशीही घर निवडतात. आमच्याकडे आता ज्या येतात त्यांनी काम धरण्यापूर्वी स्वयंपाकघरात उभे राहून शांतपणे चौकशी केली: माणसे किती, कढया लोखंडी आहेत का, कुत्रा आहे का, लिफ्ट बंद पडते का. मग पोतेरे कुठे वाळत घालता ते पाहिले, सिंकखालच्या कपाटाचे दार उघडून मिटले, आणि रविवारी भांडी होतील, फरशी होणार नाही असे सांगितले. आम्ही मान्य केले. चिमणीकडे त्यांनी एकदाच वर पाहिले आणि ते आपले काम नसल्याचे स्पष्ट केले; तिच्यासाठी वर्षातून एकदा दुसरी माणसे येतात. राहिला माळा. त्यावरच्या पेट्यांतले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवून देणारी सेवा कोणीच देत नाही, त्यामुळे ते काम घरातल्याच दोन माणसांकडे आहे आणि त्यांचे त्यावर अजून एकमत झालेले नाही.