आमची वाटचाल : पिवळं पाणी, हिरवं पाणी

२००४ साली भोसरीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही हार्ड क्रोमचं, म्हणजे धातूवर क्रोमियमचा कठीण थर चढवायचं, काम सुरू केलं, तेव्हा जवळ दोन टाक्या, प्लेटिंगला डीसी वीज देणारा एक जुना रेक्टिफायर आणि मेहुण्याकडून घेतलेले उसने पैसे एवढंच भांडवल होतं. हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड यायचे, त्यांच्यावर क्रोम चढवायचं, ग्राइंड करायचं, चलान फाडून पाठवून द्यायचं. प्लेटिंग मला येत होतं. ‘कन्सेंट’, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, दुकानाच्या लायसन्ससारखं काहीतरी, एवढीच माझी समजूत. एकदा काढलं, फ्रेम करून गणपतीच्या फोटोशेजारी टांगलं की विषय संपला.

तो विषय तिथून सुरू होतो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र सगळं वाचणारे मालक फार थोडे. बहुतेक जण मुदत बघतात आणि फाइलला लावतात. नूतनीकरण आलं की सीएकडून भांडवली गुंतवणुकीचं सर्टिफिकेट घ्यायचं, फी भरायची. मीही तेच करायचो. खरा मजकूर आतल्या पानांवर असतो: रोज किती घनमीटर सांडपाणी सोडायचं, त्यात काय किती चालेल, स्लज (पाणी शुद्ध करताना उरणारा गाळ) किती निघेल आणि कुठे जाईल. प्लेटिंग लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या, वर्गात येतं, त्यामुळे अटी कडक. पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) ६ ते ९, एकूण क्रोमियम लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत, त्यातलं हेक्स क्रोम हे रूप ०.१. हा शेवटचा आकडा मी कितीदा वाचला असेन, पण त्यातलं दशांश चिन्ह डोक्यात शिरलं ते नंतर.

आमचं पाणी स्वच्छ करायची रीत साधी आहे. रॉड धुतलेलं पाणी लिंबाच्या सरबतासारखं पिवळं दिसतं. ते हेक्स क्रोम, विषारी. त्यात सल्फ्युरिक ॲसिड टाकून पीएच अडीचच्या आसपास आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं. पिवळं पाणी हिरवं होतं, म्हणजे हेक्सचं ट्राय, कमी विषारी क्रोम, झालं. मग चुना घालून पीएच साडेआठ-नऊपर्यंत चढवला की क्रोम करड्या-हिरव्या गाळासारखं खाली बसतं. गाळ फिल्टर प्रेसमधून काढायचा, पिशव्यांत भरायचा. या स्लजचा संमतीपत्रातला नंबर ३५.३. तो मॅनिफेस्टवर (घातक कचरा नेताना सोबत जाणाऱ्या कागदावर) रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात जातो. शेडमध्ये ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाही.

वर्षभरात मंडळाचे क्षेत्र अधिकारी आमच्याकडे येऊन येऊन किती वेळा येणार? त्यांच्याकडे युनिटं ढीगभर. हाच हिशेब करून मी निर्धास्त होतो. पण ते नसतानाही आमच्यावर लक्ष असतंच, आणि त्याची सोय आम्हीच आमच्या हातांनी करून ठेवलेली असते. ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेला, वेगळा वीजमीटर. पाण्याला मीटर. केमिकलची बिलं. ३० जूनच्या आत घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, ३० सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरण. पाण्याचा सेस २०१७ साली जीएसटी आला तेव्हा गेला, पण मीटर वाचून वहीत लिहायची सवय गेली नाही. एकेक कागद वेगळा पाहिला तर निरुपद्रवी. शेजारी शेजारी मांडले की बोलायला लागतात.

आमच्याकडे ते बोलले एका पावसाळ्यात. क्षेत्र अधिकारी मॅडम आल्या. टाक्यांकडे न जाता आधी ऑफिसात बसल्या आणि खरेदीचं रजिस्टर मागितलं. दहा मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “प्लेटिंगसाठी क्रोमिक ॲसिड गेल्या वर्षापेक्षा जास्त आणलंय. बायसल्फाइट निम्म्यावर कसं?”

मी छाती फुगवून सांगितलं, “बचत केली मॅडम.”

“चला, ईटीपी बघू.”

आउटलेटला त्यांनी सॅम्पल घेतलं. पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते माझ्यासमोर, दोन भागांत. झाकणावर सील, सीलवर त्यांची सही आणि माझी. यातला दुसरा भाग आपण मागणी केली तर वेगळ्या प्रयोगशाळेत जातो. हा हक्क फार कमी मालकांना माहीत असतो. मला माहीत होता, तरी मागितला नाही. पाणी नितळ दिसत होतं ना!

रिपोर्ट आला. हेक्स क्रोम १.६. म्हणजे मर्यादेच्या सोळापट.

पहिला राग, खरं सांगतो, लॅबवर आला. दुसरा ईटीपी बघणाऱ्या काकांवर. ते बिचारे म्हणाले, “शेठ, हिरवं झाल्याशिवाय मी पाणी पुढे सोडतच नाही.” आणि ते खरं होतं. दोन दिवस शोधल्यावर सापडलं. उन्हाळ्यात पाइप बदलताना प्लंबरने डिग्रीझिंगच्या (रॉडवरचं तेल-ग्रीस काढायच्या) टाकीची लाइन क्रोमच्या लाइनला जोडली होती. डिग्रीझिंगचं पाणी अल्कली, ॲसिडच्या उलट. त्यामुळे पीएच पाचाच्या खाली येतच नव्हता, आणि तेवढ्या पीएचला बायसल्फाइटचं काम रेंगाळतं. थोडं पाणी हिरवट व्हायचं, उरलेला पिवळा रंग त्या हिरव्यात लपायचा. काकांना वाटायचं झालं, ते डोस तिथेच थांबवायचे. पीएच पेपर कपाटात ओल लागून वाया गेला होता, आणि नवा आणायचं माझ्याकडून राहिलं होतं. माझी ‘बचत’ ती हीच.

कारणे दाखवा नोटीस आली. २ लाखांची बँक गॅरंटी भरली, त्याच वेळी दोन गिऱ्हाइकांचं पेमेंट अडकलेलं. कलम ३३अ खाली मंडळ वीज आणि पाणी तोडायला सांगू शकतं, हे वाचून दोन रात्री झोप लागली नाही. वेल्डरला बोलावून लाइन वेगळी केली. पीएचचा मीटर आणि हेक्सचं ट्राय पूर्ण झालं का ते दाखवणारा ओआरपीचा मीटर बसवला. महिनाभर प्रत्येक बॅच मी स्वतः उभं राहून केली. पुढचं सॅम्पल मर्यादेत आलं, गॅरंटी परत मिळाली. त्या सॅम्पलचा दुसरा भाग मात्र वेगळ्या प्रयोगशाळेत पाठवायची मागणी मी आठवणीने केली होती. मॅडम हसल्या.

मंडळावर रागावणारे मालक मला रोज भेटतात. आपलं राज्य मंडळ १९७० सालचं, केंद्राच्या १९७४च्या पाणी कायद्याच्याही आधीचं. एवढ्या वर्षांत लहान युनिटांसाठी कागद सोपे व्हायला हवे होते, ही त्यांची तक्रार मलाही पटते. एकच आकडा तीन फॉर्मांत का भरायचा, हे मला आजही कळलेलं नाही. पण त्या दिवशी मॅडम आधी रजिस्टर मागण्याऐवजी सरळ आउटलेटला गेल्या असत्या आणि नेमकी बरी बॅच सापडली असती, तर ते पाणी अजून किती महिने गटारात गेलं असतं, याचा हिशेब मी करत नाही.

आता आमच्याकडे चौदा माणसं आहेत. काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी त्यांचाच पुतण्या आहे. रात्रपाळीला तो दोन वाजता फोन करतो, “शेठ, पीएच दोन पॉइंट सहा आहे. टाकू का?” टाक म्हणतो, आणि वहीत वेळ लिही म्हणतो.