क्लस्टर मोडताना टेराफॉर्म शेवटी का?

चाचणीसाठी लागणारा कुबरनेटीस क्लस्टर (कंटेनरमधले प्रोग्राम चालवणारा यंत्रांचा गट) हवा तेव्हा उभा करायचा आणि काम संपताच मोडायचा, तर हे हाताने करण्यात अर्थ नाही. नेटवर्क, परवानग्या, कंट्रोल प्लेन (क्लस्टरचे नियंत्रण करणारा भाग) आणि नोड (प्रोग्राम चालवणारी यंत्रे) यांचे वर्णन टेराफॉर्म या उभारणीच्या साधनाच्या फायलींत एकदा नीट लिहिले की उभारणी एका कमांडवर होते. खरी कसोटी मोडण्याच्या वेळी लागते, आणि बहुतेक स्क्रिप्टमध्ये नेमका हाच भाग घाईघाईने उरकलेला असतो.

टेराफॉर्म आपल्या स्टेट फाइलमध्ये फक्त स्वतःकडे सोपवलेल्या रिसोर्सची (नेटवर्क, यंत्रे, डिस्क अशा क्लाउडमधल्या घटकांची) नोंद ठेवते. क्लस्टर मात्र चालू झाल्यावर परस्पर नवे रिसोर्स मागवू लागतो. 'लोडबॅलन्सर' प्रकारची सर्व्हिस तयार केली की कुबरनेटीसचा कंट्रोलर (अशा मागण्या पुऱ्या करणारा प्रोग्राम) क्लाउडकडून खराखुरा लोड बॅलन्सर, म्हणजे येणारी रहदारी वाटून देणारा घटक, घेतो, क्लेम (साठवणुकीची मागणी) केला की डिस्क तयार होते, आणि टेराफॉर्मला यातले काहीच ठाऊक नसते. अशा स्थितीत थेट 'टेराफॉर्म डिस्ट्रॉय' चालवले तर क्लस्टर विनातक्रार जातो. पण सबनेटची (नेटवर्कच्या उपभागाची) पाळी आली की त्यात लोड बॅलन्सरचे नेटवर्क इंटरफेस अजून गुंतलेले असल्यामुळे एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचे क्लाउड) 'डिपेन्डन्सी व्हायोलेशन' म्हणून नकार देते, आणि तोवर ते इंटरफेस आवरणारा कंट्रोलरच नाहीसा झालेला असतो.

म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये आधी इन्ग्रेस (बाहेरची रहदारी आत कुठे न्यायची याचे नियम) आणि लोडबॅलन्सर सर्व्हिस काढल्या जातात, त्या खरोखर गेल्याची वाट पाहिली जाते आणि मगच इन्ग्रेस कंट्रोलरला हात लावला जातो. क्रम उलटा झाला तर फायनलायझर (आवराआवर होईपर्यंत वस्तू पुसू न देणारी खूण) काढणारे कोणी उरत नाही आणि नेमस्पेस (क्लस्टरमधला कप्पा) 'टर्मिनेटिंग' अवस्थेत लटकून राहते. अशा वेळी फायनलायझर हाताने पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने कुबरनेटीसमधली नोंद तेवढी जाते, लोड बॅलन्सर आणि त्याचे बिल दोन्ही चालूच राहतात.

डिस्कचेही तसेच आहे. स्टेटफुलसेट (स्वतःचा डेटा जपणाऱ्या प्रोग्रामचा संच) काढला तरी त्याचे क्लेम एरवी मागे राहतात, आणि रीक्लेम पॉलिसी (क्लेम गेल्यावर डिस्कचे काय करायचे हे ठरवणारी) 'रिटेन' असेल तर क्लेम काढूनही डिस्क उरते. चाचणीच्या क्लस्टरला 'डिलीट' हीच पॉलिसी योग्य. खरा डेटा असलेल्या क्लस्टरवर मात्र ही स्क्रिप्ट चालताच कामा नये.

टेराफॉर्मने एक्झिट कोड शून्य (कमांड यशस्वी झाल्याची खूण) दिला, एवढ्यावरून काम झाले असे मी धरत नाही. क्लस्टरच्या नावाचा टॅग (ओळखीची चिठ्ठी) असलेले काही उरले आहे का, हे क्लाउडलाच विचारावे आणि उत्तर रिकामे नसेल तर स्क्रिप्टने अपयश कळवावे. त्यासाठी कंट्रोलरने मागवलेल्या रिसोर्सनाही तो टॅग लागेल, अशी तजवीज उभारणीच्याच वेळी करावी लागते.