गांबियाची सरकती सीमा

आफ्रिकेच्या नकाशात गांबिया शोधायचा तर आधी सेनेगल शोधावा लागतो, आणि मग त्याच्या पोटात पश्चिमेकडून शिरलेली एक बारीक पट्टी दिसते. क्षेत्रफळ सुमारे ११,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडेसेच अधिक. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर याहून लहान देश नाही. १८८९ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच यांनी करार करून गांबिया नदीच्या दोन्ही काठांपासून साधारण दहा-दहा किलोमीटरवर सीमा आखली. ब्रिटिश जहाजावरून सुटलेला तोफगोळा जिथवर पोहोचला तिथवर देश, ही कथा रंजक असली तरी ती कथाच आहे. मला मात्र या राजकीय रेषेपेक्षा नदीच्या पाण्यातली एक दुसरी रेषा अधिक खरी वाटते. खारे पाणी जिथे संपते आणि गोडे सुरू होते, ती ही रेषा, आणि ती वर्षभर एका जागी राहत नाही.

नदी उगम पावते गिनी देशातल्या फुटा जालोनच्या डोंगराळ प्रदेशात आणि सुमारे १,१०० किलोमीटर वाहून गांबियाची राजधानी बांजुलजवळ अटलांटिकला मिळते. गांबियात शिरेपर्यंत तिचा उतार जवळजवळ संपलेला असतो. देशातली सर्वांत उंच जागासुद्धा सत्तर मीटरची नाही, त्यामुळे समुद्राची भरती-ओहोटी देशाच्या जवळजवळ पूर्ण लांबीभर जाणवते. पाऊस जून ते ऑक्टोबर एवढाच. पावसाळ्याच्या अखेरीस डोंगरातून आलेला लोंढा खाऱ्या पाण्याला मुखाकडे रेटतो आणि ते शंभर किलोमीटरच्या आतच अडून राहते. कोरडे महिने सुरू झाले, सहारातून हरमट्टानचे धुळीने भरलेले वारे वाहू लागले, की नदीचा जोर ओसरतो, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत तेच खारे पाणी अडीचशे किलोमीटरपर्यंत आत चढलेले असते. कोकणातल्या खाड्यांत उन्हाळ्यात मचूळ पाणी वर सरकते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा प्रकार कळेल. अंतर मात्र आपल्या कल्पनेबाहेरचे आहे.

किनाऱ्यावर काय उगवेल ते ही रेषा ठरवते. खालच्या टप्प्यात कांदळवने आहेत, आणि नदीला मिळणाऱ्या खाड्यांना, ज्यांना तिथे ‘बोलोंग’ म्हणतात, त्यांच्या कडेने ती दाट होत जातात. ओहोटीला बायका होडीतून कांदळाच्या मुळांपर्यंत जातात आणि मुळांना चिकटलेली कालवे हत्याराने खरवडून काढतात. कांदळवनामागे पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी सपाट जमीन लागते. मांडिंका भाषेत तिला ‘बांतो फारो’ म्हणतात. भातशेती प्रामुख्याने बायकांची, ती या पाणथळ जमिनीत. त्याहून उंच, वालुकामय पठारावर भुईमूग. पठाराचा दगड जांभा, आपल्याकडचाच म्हणावा असा. गांबियातल्या वासू येथील प्राचीन शिलावर्तुळांचे, म्हणजे वर्तुळात उभ्या केलेल्या दगडांचे, खांब त्याच दगडाचे आहेत.

या नदीचे वेगळेपण शेजाऱ्यांकडे पाहिल्यावर नीट कळते. उत्तरेची सालूम आणि दक्षिणेची कासामान्स, दोन्ही सेनेगलमधल्या. गोड्या पाण्याचा पुरवठा तोकडा आणि बाष्पीभवन जबर, म्हणून तिथे मुखापेक्षा आतले पाणी समुद्राहूनही खारट होते. १९७० च्या दशकातल्या अवर्षणानंतर कासामान्समध्ये हे ठळकपणे दिसले. गांबिया नदीला फुटा जालोनचा आधार आहे, म्हणून ती अजून नदीसारखी वागते.

माणसाला अर्थातच ही रेषा एका जागी खिळवून ठेवावीशी वाटली. नदीखोऱ्याच्या विकासासाठी १९७८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरदेशीय संघटनेच्या योजनांत बालिंगोजवळ खारे पाणी अडवणारा बंधारा होता, आणि त्यावरूनच रस्ताही जाणार होता. वरच्या बाजूला भातासाठी गोडे पाणी मिळाले असते हे खरे. पण भरती थांबल्यावर तिथली कांदळवने मेली असती, आणि त्यांच्याखालचा गंधकयुक्त गाळ उघडा पडून सुकला की आम्लधर्मी होतो, म्हणजे ज्या जमिनीसाठी एवढा खटाटोप तीच हातची जाण्याची भीती होती. तो बंधारा झाला नाही हे मला योग्यच वाटते. रस्त्याची गरज मात्र खरी होती, कारण नदीने देशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग केले आहेत आणि फेरीच्या रांगेत मालमोटारी ताटकळत. जानेवारी २०१९ मध्ये फाराफेन्नीजवळ पूल खुला झाला. त्याच्या खांबांमधून खारे पाणी दर उन्हाळ्यात वर जाते आणि पावसाळ्यात परत खाली ढकलले जाते.