डॅक घ्यायच्या आधी घरातलं अर्थिंग बघा

मार्च महिना, लातूर, रात्रीचे साडेदहा. पोरं झोपली, कूलर बंद केला, हेडफोन लावला आणि तानपुरा सुरू झाला की त्याच्या खाली बारीक घूंऽऽ. पहिल्या दिवशी वाटलं रेकॉर्डिंगच जुनंय, त्यात असंल. मग गाणं थांबवलं तरी घूं चालूच. आणि मी तोवर तीन आठवडे झाले नवीन डॅक (डिजिटल गाण्याचं हेडफोनला चालंल असं व्होल्टेज करणारा डबा) कोणता घ्यावा तेच शोधायलो होतो, कारण माझं पक्कं मत झालं होतं की हाताशी असलेला डॅकच गेलाय.

आधी सेटअप सांगतो. हेडफोन सेनहायझरचा एचडी 600, भाच्यानं पुण्यात दुसरा घेतला म्हणून हा मला दिला. सोबत त्याचाच जुना डॅक आणि वेगळा हेडफोन अॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, पण हे दोन्ही परत द्यायच्या बोलीवर. लॅपटॉपमधून यूएसबीनं डॅक, डॅकमधून आरसीए केबलनं अॅम्प, अॅम्पला हेडफोन. डॅकचं काम काय तर फाईलमधले आकडे घेऊन त्याचं व्होल्टेज करायचं, बस. सीडीच्या दर्जाची फाईल असली तर सेकंदाला 44,100 वेळा 16 बिटचा आकडा येतो, त्यातून 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण उभा राहतो आणि माणसाचा कान त्याच्या वर जात नाही. हे 1982 पासून चालू आहे, यात आता कुणाला फार अवघड असं काही राहिलेलं नाही.

पण शोधायला बसलं की सगळीकडं डॅकच्या आतल्या चिपची आणि ती बनवणाऱ्या कंपन्यांचीच चर्चा. ईएसएसचा आवाज कडक, एकेएमचा मऊ, सिरस लॉजिकचा मधला, अशी वाक्यं वाचून वाचून मला पण ते खरं वाटायला लागलं होतं. मग एक गोष्ट कळली. ऑक्टोबर 2020 मधे जपानात नोबेओकाला एकेएमच्या कारखान्याला मोठी आग लागली, चिपा मिळेनात, आणि बऱ्याच कंपन्यांना दुसरी चिप घालून माल काढावा लागला, फिओ कंपनीचा के5 प्रो हा डॅक तर आधी एकेएमवर होता तो नंतर ईएसएसवर आला. आवाजाची तब्येत जर खरंच चिपवर असती तर त्या यंत्राचा आवाज पारच बदलायला पाहिजे होता. चिपच्या पुढं जो अॅनालॉग भाग असतो, पॉवर सप्लाय असतो, सर्किट बोर्डावरची मांडणी असते, ते सगळं मिळून आवाज ठरतो, आणि आजच्या बऱ्या यंत्रात तो भाग इतका साफ असतो की फरक कानाच्या पलीकडं जातो.

हे मी नुसतं वाचून मानलं नाही. घरी फोनला लावायचा टाईप-सी डोंगल होता, हजाराच्या आतबाहेरचा, त्याच्या त्या शेंगदाण्याएवढ्या टोकात पण डॅकच असतो. तो अॅम्पला लावला आणि भाच्याच्या डॅकशी तुलना केली. पहिल्या झटक्यात भाच्याचा डॅक लईच भारी वाटला, उघडा, मोकळा, दमदार. मग लक्षात आलं की तो 2 व्होल्ट बाहेर टाकतो आणि डोंगल 1, म्हणजे सरळ 6 डेसिबल जास्त मोठा आवाज, आणि मोठा आवाज कानाला कायम चांगलाच वाटतो, हे मी बारावीच्या पोरांना शिकवत नसलो तरी मला माहीत असायला पाहिजे होतं. म्हणून 100 हर्ट्झचा टोन वाजवून मल्टिमीटरनं अॅम्पच्या तोंडाशी दोन्हीचं व्होल्टेज सारखं केलं (साधा मल्टिमीटर 1 किलोहर्ट्झला नीट दाखवंलच असं नाही, 100 ला दाखवतो). जेवढं जमंल तेवढं सारखं करा, थोड्या फरकानं पण कान फसतो. मग मी भिंतीकडं तोंड करून बसलो आणि बायको केबल बदलत राहिली, 16 वेळा. बरोबर आले 9. नाणं उडवून सांगितलं असतं तरी 8 आले असते. खात्रीनं ओळखतो म्हणायला निदान 12 पाहिजेत.

याच भानगडीत दुसरी गोष्ट सापडली. फोन आणि डोंगल लावलं की घूं गायब! लॅपटॉप लावला की परत. आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला की परत गायब. (वरची तुलना त्यामुळं लॅपटॉप बॅटरीवर ठेवूनच केली, नाहीतर घूं ऐकूनच ओळखलं असतं.) म्हणजे डॅक शुद्ध होता, बिचाऱ्यावर मी तीन आठवडे उगाच संशय घेतला.

वायरमन चाचांना बोलावलं. त्यांनी खोलीतल्या जुन्या बोर्डावर मीटर लावला, फेज आणि न्यूट्रल 231, बरोबर. फेज आणि अर्थ 107, मधेच 90, मधेच 120, नुसतं हलायलंय.

"सर, हितं अर्थिंगच नाही. वायर आहे पण ती कुठं जाऊ लागलीय कुणास ठाऊक."

"पण चाचा, अॅम्पच्या बोर्डाला तर आहे ना?"

"तो बोर्ड नवा, तिकडं आहे. आन् हा कूलर कशावर चालतो?"

कूलर त्याच जुन्या बोर्डावर होता. पत्र्याचा, पाण्यानं भरलेला. चाचांनी मला विचारायच्या आधी प्लग काढला. "आधी हे बंद, गाणं नंतर."

आता विषय असा आहे. लॅपटॉपच्या चार्जरमधे फिल्टरचे बारके कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट अर्थच्या पिनकडं सोडतात, तसं ते डिझाईनच आहे. अर्थ खरा असला तर तो तिथून निघून जातो. अर्थ नसला तर लॅपटॉपची बॉडी 230 च्या निम्म्यावर, 115 च्या आसपास लटकत राहते, म्हणून त्या धातूच्या बॉडीवरून हात फिरवला की झिणझिण होतं. मग तो करंट दुसरी वाट शोधतो, आणि माझ्याकडं ती वाट होती यूएसबीच्या शील्डमधून डॅक, डॅकमधून आरसीएची ग्राउंड, तिथून अॅम्प आणि अॅम्पच्या चांगल्या अर्थमधून जमिनीत. गाणं ज्या तारेवरून चाललंय तिच्याच ग्राउंडवरून हा 50 हर्ट्झचा करंट पण चालला, तीच घूं. यात तुम्ही पाच हजाराचा डॅक लावा नाहीतर पन्नास हजाराचा.

घरामागचा, जुन्या बोर्डाचा अर्थिंगचा खड्डा उकरला. पाईपाला जोडलेली तार गंजून तुटलेली, आणि आमची काळी माती तर उन्हाळ्यात अशी भेगाळते की पाईप आणि मातीमधे बोट जाईल एवढी जागा. कोरड्या मातीत करंट मुरत नाही. चाचांनी नवी तार, नवे क्लॅम्प, भोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी, आणि आतल्या जुन्या बोर्डापर्यंत नवीन हिरवी वायर ओढली. परत मीटर, फेज-अर्थ 229, न्यूट्रल-अर्थ दीड. त्या रात्री लॅपटॉप आणि अॅम्प एकाच बोर्डावर लावून, चार्जरसकट, ऐकलं. तानपुऱ्याच्या खाली काहीच नव्हतं. चारी तारा वेगवेगळ्या मोजता येत होत्या, जव्हारीची ती भुणभुण पण.

डॅक तरी घ्यावाच लागला, कारण भाच्याचं सामान परत द्यायचं होतं. पण आता बघायच्या गोष्टी बदलल्या. पहिली ताकद. एचडी 600 आहे 300 ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा), 1 व्होल्टला साधारण 97 डेसिबल देतो. डोंगल थेट लावला तर नव्या गाण्यांना पुरतं, पण शास्त्रीयच्या जुन्या मैफिलीचं रेकॉर्डिंग मुळातच हळू असतं, आलाप तर फारच, तिथं आवाज पूर्ण वाढवून पण अजून पाहिजे असं वाटतं. आणखी 10 डेसिबल पाहिजे तर व्होल्टेज तिप्पट, म्हणजे 3 व्होल्टच्या वर, 300 ओहमला 30 मिलिवॉटच्या पुढं. बॉक्सवर मोठ्या अक्षरात 32 ओहमचे वॉट छापलेले असतात, त्याच्यावर जाऊ नका, आपल्या हेडफोनच्या ओहमला किती तेवढं बघा.

दुसरी आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे यंत्राचा स्वतःचा आतला अडथळा. मला फार फरक पडत नाही पण ज्यांचे 16 ओहमचे इअरफोन आहेत त्यांनी ती 2 ओहमच्या आतच घ्यावी, हेडफोनच्या एक अष्टमांश हा जुना हिशोब आहे. काही लॅपटॉपच्या जॅकची ती बरीच जास्त असते, आणि ज्या इअरफोनमधे दोन-तीन वेगवेगळे ड्रायव्हर (आवाज काढणारे बारके स्पीकर) असतात त्याचा सूरच तिथं बदलतो, हा फरक मात्र आंधळ्या चाचणीत (कोणतं यंत्र वाजतंय ते न बघता ऐकून) पण कळतो.

तिसरी ऑप्टिकल इनपुट. त्यात तांबं नसतं, नुसता उजेड जातो, म्हणून टीव्ही ऑप्टिकलनं जोडला तर तिकडून घूं यायचा रस्ताच बंद. ज्यांचं भाड्याचं घर आहे आणि मालक अर्थिंगला हात लावू देत नाही त्यांना हे फार कामाचं, नाहीतर फोन बॅटरीवर ठेवून त्याच्यावरनंच वाजवा. बाकी 32 बिट, 768 किलोहर्ट्झ हे सगळं मी सोडून दिलं. जुन्या रेकॉर्डची खरखर त्यानं जात नाही, ती रेकॉर्डमधेच आहे आणि असू द्या.

शेवटी डॅक आणि अॅम्प एकाच डब्यात असलेलं यंत्र घेतलं, ऑप्टिकल इनपुट आहे, 300 ओहमला पुरून उरतं, व्हॉल्यूमचं गोल बटण घड्याळाच्या काट्यासारखं धरलं तर साडेदहाच्या पुढं न्यावं लागत नाही. बजेट पंधरा हजाराचं ठरवलं होतं, त्यातले साडेआठ यंत्राला गेले आणि साधारण तीन वायर, खड्डा आणि चाचांच्या मजुरीला. कूलर आता नवीन बोर्डावर आहे. दर रविवारी सकाळी खड्ड्यात एक बादली पाणी टाकतो, मे-जूनमधे दोन टाका म्हणलेत चाचा.