चाळीस युरो वीस सेंट

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी आठ वर्षं राबलो, पण त्या कारखान्याच्या रजिस्टरात माझं नाव कुठेच सापडणार नाही. २०१६ साली इलेक्ट्रिकलला बीई झालो. पहिली दोन वर्षं ‘नीम’ या सरकारी योजनेतला ट्रेनी, म्हणजे स्टायपेंड मिळणार, पीएफ नाही. त्यानंतर कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर. पर्मनंट लोकांच्या गेटपासची दोरी निळी, आमची हिरवी. लाइन बंद पडली की रात्री दोन वाजता फोन मात्र हिरव्या दोरीवाल्यालाच यायचा, कारण पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा, प्रोग्रॅम मला पाठ होता. पगार शेवटी शेवटी चोवीस हजारांवर गेला होता.

जर्मनीचं खूळ डोक्यात शिरलं ते एका मशिनमुळे. पॅकिंगची नवी लाइन आली, तिच्याबरोबर ती बसवून चालू करून द्यायला तिकडचा एक कमिशनिंग इंजिनीअर तीन आठवडे येऊन राहिला. तो जे करत होता ते मी रोज करतच होतो. शेवटच्या दिवशी त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, तू या कंपनीत किती वर्षं आहेस? मी म्हटलं, मी या कंपनीत नाही. त्याला ते काही केल्या समजेना आणि मलाही समजावून सांगता येईना.

मग शोध सुरू झाला. कॉलेजातला एक सीनियर स्टुटगार्टजवळ होता, त्याला फोन लावला. म्हटलं, दादा, मला पगार कितीही चालेल, फक्त आत घे. तो हसला. म्हणाला, “अरे, कितीही चालत नाही, तीच तर गंमत आहे. कमी पगाराला तुला येऊच देणार नाहीत.”

गोष्ट अशी. ब्लू कार्ड म्हणजे पदवीधर परदेशी माणसाला तिथे राहून नोकरी करायचा परवाना. त्यासाठी वर्षाचा ठरावीक किमान पगार करारात असावा लागतो. तो आकडा तिथल्या पेन्शन विम्याच्या कमाल मर्यादेला, म्हणजे ज्या पगारापर्यंतच पेन्शनची वर्गणी कापतात त्या रकमेला, बांधलेला आहे. सर्वसाधारण नोकरीला त्या मर्यादेच्या ५० टक्के. इंजिनीअर, आयटी, डॉक्टर अशा टंचाईच्या व्यवसायांना आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांना ४५.३ टक्के. पेन्शनची मर्यादा दर १ जानेवारीला बदलते, तसा हाही आकडा बदलतो. २०२४ साली तो ४५,३०० युरो होता, आणि आमच्यासारख्यांसाठी ४१,०४१.८०. हे ऐंशी सेंट मला तेव्हा विनोदी वाटले होते.

आईला सांगितलं तर तिने पोळपाटावरून हात उचलला. “म्हणजे तू स्वस्तात काम करायला तयार आहेस, आणि सरकार म्हणतं नको?” हो म्हटलं. “असं कुठलं सरकार असतं?” माझ्याकडेही उत्तर नव्हतं. आपल्याकडे आठ वर्षांत मला कुणी इतका कमी पगार का म्हणून हटकलं नव्हतं. सीनियरने नंतर नीट सांगितलं. बाहेरून स्वस्त माणूस आणून तिथल्या माणसाचा भाव पाडू नये, म्हणून ही भिंत. ती भिंत आपल्या सोयीसाठी बांधलेली नाही. पण तिच्यामुळे आपलंही थोडं भलं होतं.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये पहिली ऑफर आली, ४२,५०० युरोंची. मी हरखलो. मर्यादेच्या हजार-दीड हजार वर. कंपनी मनुष्यबळ पुरवणारी होती, म्हणजे आपल्या भाषेत कॉन्ट्रॅक्टरच. त्याची सवय होतीच, मला त्यात वावगं काही दिसलं नाही. सीनियरने मालकाने भरायचा फॉर्म मागवला. नोकरीचे तास, कामाचं स्वरूप, पगार असं सगळं त्यात असतं. त्यात एक छोटा प्रश्न आहे: या माणसाला तिसऱ्याकडे कामाला देणार का? हो किंवा नाही. तिथे ‘हो’वर खूण होती.

“संपलं,” सीनियर म्हणाला.

कमी मर्यादेवर जायचं तर तिथल्या सरकारी रोजगार खात्याची संमती लागते, आणि परदेशातून येणारा माणूस असा भाड्याने द्यायचा असेल तर त्या खात्याने संमती नाकारायची, असं कायद्यातच आहे. ५० टक्क्यांच्या वरचा पगार असेल तर ही संमती लागत नाही. पण माझा आकडा तिथपर्यंत पोचत नव्हता. कंपनीने तरी आगाऊ संमती मागून पाहिली. नोव्हेंबरात नकार आला.

जर्मन भाषेत या प्रकाराला लायआर्बाइट म्हणतात. लायएन म्हणजे उसनं देणं-घेणं, आर्बाइट म्हणजे काम. कॉलेज रोडच्या क्लासात हा शब्द शिकलो आणि वहीत पुढे लिहिलं, ‘उसना कामगार’. आमच्यासाठी इतका नेमका शब्द मराठीतही नाही. नंतर वाचलं की तिथे उसन्या कामगाराला सर्वसाधारण नियमाने नऊ महिन्यांनंतर पर्मनंट माणसाच्या बरोबरीचा पगार द्यावा लागतो, आणि एकाच ठिकाणी अठरा महिन्यांच्या वर ठेवता येत नाही. युनियनच्या करारांनी यात फरक पडतो, तरीही. मी अंबडला आठ वर्षं उसना होतो.

दरम्यान कागदं. खरी दमछाक इथे झाली. डिग्रीचं सोपं होतं. तिकडच्या खात्याकडे ऑनलाइन अर्ज, २०८ युरो फी, आणि काही आठवड्यांनी माझी बीई तिथल्या कुठल्या पदवीच्या तोडीची ते सांगणारा कागद. विद्यापीठाबद्दल आपण कितीही बोटं मोडली तरी डिग्रीने दगा दिला नाही.

अनुभवाच्या दाखल्याने मात्र रडवलं. नवा मालक शोधायचा तर तो आधीच्या कामाचा पुरावा मागणारच. कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात सहा चकरा झाल्या. “साहेब बाहेरगावी आहेत, बुधवारी या.” बुधवारी गेलो तर लेटरहेड संपलेलं. शेवटी पत्र हातात आलं आणि मी तिथेच जिन्यावर बसलो. हुद्द्याच्या जागी लिहिलं होतं, ‘अर्धकुशल कामगार’. क्लार्क म्हणाला, “वर्क ऑर्डरमध्ये तीच कॅटेगरी आहे हो. मस्टरला जे आहे तेच देणार ना आम्ही.” त्याचंही खोटं नव्हतं. कारखान्याने माणसं मागवली होती अर्धकुशल म्हणून आणि दर तेवढाच दिला होता. बीई झालेला पोरगा त्या दरात आला हा कारखान्याचा फायदा. पीएलसीचा त्या कागदावर पत्ता नव्हता.

मग पीएफचं पासबुक काढलं. इथे सगळ्या कंत्राटी पोरांना सांगतो, यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, चालू ठेवा, पासवर्ड विसरू नका. २०१८ पासूनची प्रत्येक महिन्याची नोंद त्यात होती. फक्त दोन भानगडी. एक, सहा वर्षांत तीन वेगवेगळ्या फर्मची नावं. मालक तोच, मशीन तेच, गेटबाहेरची चहाची टपरीही तीच. दर दोन वर्षांनी आम्हाला ‘नवीन’ करून घेतलं होतं. दुसरी, पीएफ कापलेला पंधरा हजारांवरच, म्हणून दर महिन्याला माझ्या नावावर १,८०० रुपये. जर्मन एचआरच्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर अगदी सभ्यपणे विचारलं, की सहा वर्षांत तुमची बढती एकदाही झाली नाही का? नीमची दोन वर्षं तर तिथे नव्हतीच, जणू मी २०१६ ते १८ झोपून होतो.

त्यातून सोडवलं आमच्या मेंटेनन्स मॅनेजरांनी. ते पर्मनंट, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. म्हणाले, “कंपनीच्या लेटरहेडवर देता येणार नाही रे, माझीच नोकरी जाईल. पण माझ्या स्वतःच्या मेलवरून लिहितो.” आणि त्यांनी रात्री बसून दीड पान लिहिलं. कुठल्या मशिनचा कुठला प्रोग्रॅम मी बदलला, एका मालावरून दुसऱ्या मालावर लाइन बदलायचा वेळ किती मिनिटांनी कमी झाला, सगळं. माझ्या कामाबद्दल इतकं नीट मीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. दुसरी ऑफर त्या मेलवर मिळाली असं मी मानतो.

ती डिसेंबरात आली. पॅकिंग मशिनं बनवणारी एक लहान कंपनी, थेट त्यांच्याच पेरोलवर, कुणाकडे उसनं देणं नाही. पगार ४२,००० आणि वर ३,००० पर्यंत बोनस. मी बेरीज केली ४५,००० आणि पेढे आणले. सीनियरने विचारलं, “व्हिसासाठी मुंबईची तारीख कधीची?” जानेवारीची. “मग नवा आकडा बघ.” २०२५ साठी टंचाईच्या व्यवसायांची मर्यादा होती ४३,७५९.८०. आणि बोनस? कंपनीच्या नफ्यावर आणि माझ्या कामगिरीवर अवलंबून, म्हणजे बिनभरवशाचा. असा बोनस त्यात धरत नाहीत. हक्काने मिळणारा पगारच मोजतात. मी १,७५९ युरो ८० सेंटनी कमी पडत होतो.

पेढे फ्रिजमध्ये राहिले.

आता मेल लिहायचा होता. पगार वाढवा, असा. मी हे आयुष्यात कधी लिहिलेलं नव्हतं. अंबडला पगारवाढ मागणाऱ्याचा गेटपास दुसऱ्या दिवशी गेटवर चालत नसे, हे मी दोनदा पाहिलंय. शिवाय तिकडचा बाजारही काही बरा नव्हता. त्याच डिसेंबरात फोक्सवागनचा युनियनशी करार झाला होता, २०३० पर्यंत ३५,००० हून अधिक नोकऱ्या कमी करण्याचा. अशा वेळी नाशिकच्या अर्धकुशल कामगाराने भाव खायचा? मी तीन दिवस मेल उघडून मिटत राहिलो. शेवटी चारच ओळी लिहिल्या, की कायद्याचा आकडा इतका आहे, करारातला इतका, त्यामुळे व्हिसा मिळणार नाही, कृपया पाहावं. माझी गरज, माझी लायकी यातलं काही लिहावं लागलं नाही. मागणी जणू सरकारची होती, मी नुसता टपालवाला.

दोन दिवसांत सुधारित करार आला. ४३,८००. बोनस तेवढा कमी केला होता. त्यांनीही हिशेब काटेकोर केला. मर्यादेच्या वर चाळीस युरो वीस सेंट.

पुढचं पटकन सांगतो. जानेवारीच्या शेवटी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, फाइल पोटाशी धरून, कसारा घाटात थंडीने दात वाजत होते. व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएसच्या खिडकीवरच्या मुलीने करार, डिग्रीचा कागद, मालकाचा फॉर्म घेतला, ७५ युरोंची व्हिसा फी रुपयांत भरून घेतली आणि अनुभवाचे दाखले चाळलेही नाहीत. त्यासाठी मी सहा चकरा मारल्या होत्या! मार्चमध्ये पासपोर्ट घरी आला.

गल्लीत बातमी पसरली ती ‘एकोणचाळीस लाखांचं पॅकेज’ अशी. गुणाकार बरोबर होता. पण कर, पेन्शन, आरोग्य विमा कापून माझ्या हातात महिन्याला २,४०० युरोंच्या आतबाहेर पडतात, आणि त्यातला तिसरा हिस्सा घरभाड्यात जातो. वाईट नाही, पण लाखांत मोजायचंही नाही. ज्यांना यूकेचं आकर्षण आहे त्यांनी तिथले आकडेही आधी पाहावेत. माझा एक वर्गमित्र तिथे शिकून नोकरी शोधत होता, तोवर तिथल्या वर्क व्हिसाची वार्षिक पगाराची साधी मर्यादा ४ एप्रिल २०२४ ला २६,२०० पाउंडांवरून थेट ३८,७०० वर गेली, आणि २२ जुलै २०२५ ला ४१,७००. नव्याने नोकरीत शिरणाऱ्यांना सवलतीचा आकडा असतो, तरी त्याची २९,००० ची ऑफर त्यातही बसली नाही. तो परत आलाय, नाशिकलाच सातपूरला आहे.

२०२५ च्या दिवाळीत मी घरी आलो तेव्हा अंबडच्या त्याच टपरीवर गेलो. लाइनवर माझ्यानंतर आलेला एक पोरगा भेटला, गळ्यात हिरवी दोरी. त्याला एक ऑफर आली होती, थेट कंपनीची, ४५,००० युरो. मुंबईची तारीख फेब्रुवारीत मिळेल म्हणाला. मी म्हटलं, २०२६ चा आकडा ४५,९३४.२० होतोय. त्याचा चेहरा उतरला. “दादा, मागितले तर रागावणार नाहीत ना ते?”

तिथेच बाकड्यावर त्याच्या फोनवर मेल लिहायला घेतला. माझ्याच चार ओळी. आकड्याच्या जागी त्याने ४६,००० टाकलं, मग खोडून ४५,९३५ केलं. ऐंशी सेंट वर! मी फोन हातातून घेतला आणि ४७,५०० केलं. तो माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात सेकंड शिफ्टचा भोंगा वाजला, आणि मेल ड्राफ्टमध्येच ठेवून, दोरी शर्टाबाहेर काढत तो गेटकडे पळाला.