तुम्ही विचारलंत म्हणून: त्या निवेदनावर माझी सही का नाही

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच नीट लिहून टाकते. "आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात यावर तुम्ही पत्रकारांच्या कार्यशाळा घेता. मग अशा बातम्यांवर, असे प्रसंग दाखवणाऱ्या मालिकांवर कायद्यानेच बंदी आणा म्हणणाऱ्या निवेदनावर सही का केली नाहीत?" कुणी काळजीने विचारतं, कुणी आडून. एकाने तोंडावर विचारलं, "शेवटी आपल्याच धंद्याची बाजू घेताय ना?" ते लागलं. खोटं आहे म्हणून नाही. एके काळी ते पूर्ण खरं होतं म्हणून.

परिणाम होतो की नाही, या वादात मला पडायचं नाही. होतो. १९७४ साली डेव्हिड फिलिप्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने जवळपास दोन दशकांच्या नोंदी तपासल्या. आत्महत्येची बातमी वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर गाजली की नंतर आत्महत्यांचा आकडा नेहमीपेक्षा वर जातो, आणि बातमी जितके दिवस पहिल्या पानावर राहते तितका तो जास्त चढतो, असं त्याला आढळलं. पण मला हे कळलं ते फिलिप्स वाचून नाही.

मी तेव्हा रात्रपाळीला होते. उपसंपादक. परीक्षेत नापास झालेल्या एका मुलाच्या मृत्यूची बातमी उशिरा आली. बातमीदाराने सगळं दिलं होतं: कुठे, कसं, किती वाजता, खिशात काय होतं. पहिल्या पानावर दोन कॉलमांची जागा मोकळी होती आणि पान सोडायला वीस मिनिटं. मी पहिला मथळा केला तो बसेना, एक शब्द खाली लोंबत होता. दुसरा केला तो वरिष्ठांना कोरडा वाटला. तिसऱ्या वेळी मी लिहिलं, "अपयशातून अखेर सुटका". चपखल बसला. 'कसं' तेवढं वेगळं काढून मी त्याची चौकट केली, म्हणजे पान उठून दिसेल. दुसऱ्या दिवशी बैठकीत मथळ्याचं कौतुक झालं. मी घरी जाऊन ते सांगितलंही होतं.

नऊ दिवसांनी दुपारी फोन आला. एक गृहस्थ होते. आवाज अगदी शांत. त्यांची मुलगी गेली होती. तिने लिहून ठेवलेल्या कागदावर पाच ओळी होत्या आणि शेवटच्या ओळीत दोन शब्द होते, "अखेर सुटका". तिच्या दप्तरात आमचं पान घडी घालून ठेवलेलं सापडलं होतं. ते म्हणाले, "मला भांडायचं नाहीये. तक्रारही करायची नाहीये. तो मथळा कुणी लिहिला तेवढं सांगा. मला त्यांना एकच विचारायचंय, हाच शब्द का?"

मी म्हटलं, "रात्रपाळीला बरेच जण असतात. चौकशी करून कळवते."

त्यांनी माझं नाव विचारलं. मी आडनाव सांगितलं नाही. त्यांनी आपला नंबर दिला, हळूहळू, एकेक आकडा, मी लिहून घेतेय याची खात्री करत. मी तो लिहून घेतला आणि कधीच फोन केला नाही.

यावर मला सांगण्यात आलेलं सगळं मला पाठ आहे. ती मुलगी आधीपासून खचलेली असणार. कुणी एका मथळ्यामुळे जात नाही. तू ठरवून काही केलं नाहीस. हे सगळं बरोबर आहे. आत्महत्येचं एकच कारण कधी नसतं, हे मी स्वतः कार्यशाळेत पहिल्या अर्ध्या तासात सांगते. आणि तरीही त्या कागदावरचे शब्द माझे होते. ज्या रात्री तिला वेगळा शब्द हवा होता, त्या रात्री तिच्या हाताशी मी दिलेला शब्द होता. त्यात 'सुटका' होती, आणि ती मी फक्त जागेत बसते म्हणून लिहिली होती.

त्याआधीची मी भाषणांत ठणकावून सांगायचे, "माध्यमं समाजाचा आरसा आहेत, आरशाला दोष देऊ नका." तेव्हाच्या त्या माझ्याशीच मी मनातल्या मनात अजून भांडते. आरसा मथळ्याचा टाइप ठरवत नाही. आरसा चौकट काढत नाही. कुठला चेहरा पहिल्या पानावर आणि कुठला आतल्या पानाच्या कोपऱ्यात, हे आरसा ठरवत नाही. आम्ही ठरवत होतो, रोज रात्री, आणि त्याची जबाबदारी नको म्हणून आरसा पुढे करत होतो.

मग तुम्ही म्हणाल, हे कळल्यावर बंदीच मागायला हवी होती. मागितली. दोन वर्षं मी तेच बोलत होते. आमच्या डेस्कवर तर त्या फोननंतर अलिखित नियमच झाला, "विषयच नको." आत्महत्या हा शब्दच पानावर येऊ द्यायचा नाही. मला ते प्रायश्चित्तासारखं वाटायचं. त्याच काळात एका बाईंचा लेख आला. त्या स्वतः त्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या होत्या. कुणाला सांगितलं, कोण रात्रभर बसून राहिलं, औषधं कधी सुरू केली, कधी टाळली, हे त्यांनी साध्या भाषेत लिहिलं होतं. मी तो परत पाठवला. नियमावर बोट ठेवून, दोन ओळींच्या पत्रासह.

२०१० साली व्हिएन्नाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो माझ्या वाचनात बराच उशिरा आला. टोकाचा विचार मनात आलेला, पण त्यातून सावरलेला माणूस ज्या बातम्यांत आहे, त्यांच्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. त्यांनी त्याला पापागेनोचं नाव दिलं. मोत्झार्टच्या ऑपेरातलं हे पात्र जीव द्यायला निघतं, तेव्हा तीन मुलं त्याला दुसरी वाट दाखवतात. मी तो अभ्यास वाचला आणि मला परत पाठवलेला लेख आठवला. मथळ्याने मी बोलून नुकसान केलं असेल, तर त्या लेखाच्या बाबतीत गप्प बसून केलं. दुसऱ्या नुकसानाचा फोन येत नाही, एवढाच फरक.

सही न करण्याचं माझं कारण एवढंच आहे. बंदी आली की पहिला बळी चौकटी काढणाऱ्यांचा जात नाही, ते वाट काढतात. पहिल्यांदा गप्प होतात त्या बाई. ज्यांच्याकडे वकील नाही, पान नाही, फक्त सांगण्यासारखं काहीतरी आहे ते.

फिलिप्सने आपल्या निष्कर्षाला ज्याचं नाव दिलं तो वेर्थर म्हणजे जर्मन लेखक गोएथेच्या १७७४ सालच्या कादंबरीचा, शेवटी जीव देणारा नायक. तिच्यामुळे तरुण जीव देतील या भीतीने लायप्झिगमध्ये दुसऱ्याच वर्षी तिच्यावर बंदी आली, नायकासारखा पोशाख करण्यावरसुद्धा. युरोपभर ती वाचली जायची थांबली नाही. उलट टोक पाहायचं तर सोव्हिएत संघात आत्महत्यांचे आकडे कित्येक दशकं जाहीरच होत नव्हते. ते बाहेर आले १९८०च्या दशकाच्या अखेरीला. तोवर बातमी नव्हती, म्हणून दुःख नव्हतं असं कोण म्हणेल? जो आकडा छापता येत नाही, त्याच्यावर उपाय कोण मागणार?

"मग रवांडा?" हाही प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. १९९४ साली तिथल्या नरसंहारात आरटीएलएम या रेडिओने तुत्सी या अल्पसंख्य समाजाला झुरळं म्हणत माणसं मारायला चिथावलं. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये त्यासाठी शिक्षाही दिल्या. हत्येची चिथावणी हा गुन्हाच आहे, त्याला मी अभिव्यक्ती म्हणत नाही. पण ते केंद्र काढणारे सत्तेच्या निकटचे होते. बंदी घालण्याची ताकद ज्यांच्या हाती होती, त्यांच्याच माणसांचा तो आवाज होता. बंदीचा कायदा कुणाच्या हातात जातो, हे मला म्हणूनच विचारावंसं वाटतं.

व्हिएन्नाचंच उदाहरण मी प्रत्येक कार्यशाळेत देते. तिथल्या भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या बातम्या रंगवून येत होत्या. १९८७ साली तज्ज्ञांनी सूचना तयार केल्या, वृत्तपत्रांनी त्या स्वतःहून पाळल्या आणि सहा महिन्यांत त्या रेल्वेतले असे प्रकार ८० टक्क्यांहून जास्त घटले. कायदा नव्हता. पुढे २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनेही माध्यमांसाठी अशीच पुस्तिका काढली. पद्धत सांगू नका, एकच कारण चिकटवू नका, मृत्यूला उत्तर म्हणून मांडू नका, मदत कुठे मिळेल ते द्या. माझा मथळा यातल्या प्रत्येक कसोटीवर नापास झाला असता.

पण इथेच माझा युक्तिवाद अडखळतो, ते लपवत नाही. व्हिएन्नात मूठभर संपादकांना पटवायचं होतं. आता प्रत्येक फोन हे पान आहे आणि थांबून बघितलेला एक व्हिडिओ पुढचे दहा घेऊन येतो. तिथे कुठल्या संपादकाला पटवायचं? मालिकांचंही तसंच. नेटफ्लिक्सवरच्या एका गाजलेल्या मालिकेतला असा प्रसंग निर्मात्यांनी स्वतःच काढला, पण २०१९ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. मालिकेनंतर मुलांच्या आत्महत्या वाढल्याचं एका अभ्यासाने सांगितलं, दुसऱ्याने तेच आकडे पुन्हा तपासून शंका घेतली. त्या दोन वर्षांची किंमत कुणाच्या तरी मुलांनी मोजली असेल का, हे मला माहीत नाही, आणि स्वेच्छेवर विसंबायचं म्हणजे अशी दोन वर्षं कबूल करायची.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. "जीव द्यावासा वाटतो का?" असं जवळच्या माणसाला थेट विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ज्यांना शंका येतेय त्यांनी विचारावं, आजच.

तो नंबर माझ्याकडे अजून आहे. डायरी बदलली की मी तो नव्या डायरीत उतरवते. ते गृहस्थ उद्या ते निवेदन घेऊन माझ्या दारात आले, तर वर लिहिलेलं यातलं एक वाक्यही मला त्यांच्यासमोर उच्चारता येईल असं वाटत नाही. आधी त्यांना सांगावं लागेल की तो शब्द मी लिहिला होता. त्यानंतर त्यांनी कागद पुढे केला तरी मी सही करणार नाही.